अर्धा इंच नेमका किती?



सिंकखाली पाणी ठिबकायला लागलं की घरात पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "तुला कोणी सांगितलं होतं स्वतः करायला?" पेण असो की रोहा, हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आज त्याचा समाचार घ्यायचाच आहे. जोड गळतो तो बाईचा हात लागला म्हणून नाही. दुकानातून आलेलं माप आणि घरातलं माप वेगळं असतं म्हणून गळतो. हा फरक गल्ल्यावरच्या माणसाला ठाऊक असतो, आपल्याला कोणी सांगितलेला नसतो.

अर्धा इंच म्हणजे किती? शाळेच्या हिशेबाने १२.७ मिलिमीटर. आता दुकानातला अर्धा इंच बघा. गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप बाहेरून १५.९ मिमी. पांढरा, इंची मापाचा यूपीव्हीसी पाइप २१.३ मिमी. मेट्रिक मापाचा पीव्हीसी पाइप २० मिमी, पण त्यालाही सर्रास अर्धा इंचीच म्हणतात. नळाचे आटे बाहेरून जवळजवळ २१ मिमी. नाव एक, मापं चार, आणि त्यातलं एकही खरा अर्धा इंच नाही! हे नाव जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीवरून पडलं. पाइप बदलले, नाव तेच राहिलं. २० चा पाइप २१.३ च्या सॉकेटमध्ये आरामात जातो, सोल्यूशन लावलं की बसल्यासारखा वाटतो, आणि टाकी भरून दाब आला की पाझरायला लागतो.

सांडपाण्याच्या बाजूला तर आणखी गंमत. वॉश बेसिनला सहसा सव्वा इंची कपलिंग असतं, त्याला ३२ मिमी म्हणतात. किचन सिंकला दीड इंची, म्हणजे ४० मिमी. पण ३२ च्या आट्यांना पट्टी लावा, ४२ भरतात. म्हणजे जी बाई नीट मोजून दुकानात जाते, ती ४० चा नट मागते आणि तिला दीड इंची मिळतो. तो बसणार कसा? न मोजता गेलेली फसते हे समजू शकतं, इथे मोजून गेलेलीही फसते.

मग सल्ला मिळतो, "टेप गुंडाळा, वरून एम-सील थापा." हा सल्ला देणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. सिंकखालच्या नटमध्ये पाणी अडवतो तो वॉशर. नटचं काम वॉशर घट्ट दाबून धरायचं. नटच ढिला असेल तर टेपचे वीस वेढे काय करणार? ती दुरुस्ती नव्हे, गळती चार दिवस पुढे ढकलणं आहे.

कोणी म्हणेल, एवढ्याशा थेंबांसाठी एवढा त्रागा कशाला? सिंकखालच्या कपाटात ओल राहिली की बुरशी येते, झुरळं येतात, आणि मग आपणच फवारणीवाल्याला बोलावतो. पाणी गाळून वापरणाऱ्या घरात जीव मारायची वेळ का यावी? जयणा फक्त गाळण्यापाशी सुरू होऊन तिथेच संपत नाही. शिवाय हेटवणे धरण आपल्या पेण तालुक्यात, त्याचं पाणी नवी मुंबईपर्यंत जातं, आणि पेणच्याच खारेपाटात उन्हाळ्यात बायका पाण्यासाठी वणवण करतात. अशा तालुक्यात थेंब वाया घालवणं शोभत नाही.

आता थोडं कडू. हार्डवेअरची दुकानं आपल्यापैकी कित्येकींच्या सासरी-माहेरी आहेत. तिसऱ्या अणुव्रताच्या अतिचारांत खोटं वजन, खोटं माप येतं आणि प्रतिक्रमणात आपण त्याची क्षमा मागतो. अर्धा इंच हे नाव दुकानदाराने शोधलेलं नाही, हे मान्य. पण चार मापं आहेत हे माहीत असून गिऱ्हाइकाला न विचारता एक पुढे सरकवायचं, आणि परत आणलं की "उघडलेला माल घेत नाही" म्हणायचं, याला काय म्हणावं? पेणचे मूर्तिकार एक फुटाचा गणपती म्हणतात तेव्हा तो मुंबईच्या मखरातही एक फुटाचाच असतो. मातीला जे जमतं ते प्लास्टिकला का जमू नये?

कायदाही आपल्याच बाजूने आहे. बी.कॉम.ला शिकलेला मालविक्री अधिनियम, १९३० मी अजून विसरले नाही. वस्तू कशासाठी हवी ते दुकानदाराला सांगून, त्याच्या माहितीवर भरवसा ठेवून घेतली, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे, असं कलम १६ सांगतं. नमुना दाखवून व्यवहार ठरला तर माल नमुन्याबरहुकूम हवा, हे कलम १७. म्हणून नुसतं "अर्धा इंची द्या" म्हणू नका. "किचन सिंकच्या या कपलिंगला बसणारा द्या" म्हणा, जुना तुकडा समोर ठेवा आणि बिलावर तसं लिहून घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

आणि शिवणाची टेप पर्समध्ये ठेवा. पाइपभोवती गुंडाळली की घेर कळतो : सीपीव्हीसीला साधारण ५० मिमी, मेट्रिकला ६३, इंची यूपीव्हीसीला ६७. कपलिंगच्या आट्यांभोवती सव्वा इंचीला १३२, दीड इंचीला १५०. ब्लाउजचं माप अर्ध्या सेंटिमीटरनं चुकू न देणाऱ्या आपण, हे आपल्याला अवघड नाही.

ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांना एकच विनंती. आज रात्री जेवायला वाढताना विषय काढा. प्रत्येक खोक्यावर बाहेरचं माप मिलिमीटरमध्ये लिहायला एक मार्कर आणि एक दुपार पुरते. तेवढंही होणार नसेल, तर निदान गळतीचं खापर बाईच्या माथी फोडणं बंद करा.