चर्चमधली चूल आणि विहाराचे कुलूप

चर्चच्या पैशातून आणि चर्चच्या जागेत स्वयंपाकघर, भोजनगृह, मुलांना खेळायला हॉल असावा की नसावा, हा वाद अमेरिकेतील काही ख्रिस्ती पंथांत वर्षानुवर्षे चालू आहे. 'चर्चेस ऑफ ख्राईस्ट' या पंथात तर विसाव्या शतकाच्या मध्यावर अशाच प्रश्नांवरून फूट पडली. विरोधकांचे म्हणणे असे की, चर्च उपासनेसाठी आहे. जेवायला, खेळायला ज्याची त्याची घरे आहेत. आपल्याला या वादाचे काय, असे वाचक म्हणतील. पण हाच वाद आपल्या विहार कमिट्यांतही होतो. म्हणून तो समजून घेतला पाहिजे.

विरोधक आधार घेतात तो संत पौलाने करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा. तिथे पौलाने लोकांना, तुम्हाला खायला-प्यायला घरे नाहीत का, असे फटकारले आहे. पण तो चिडला कशावर? करिंथमध्ये मंडळी एकत्र जेवायला जमायची तेव्हा खातेपिते लोक आपापले आधीच खाऊन पिऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल सांगतो की, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. म्हणजे त्याचा राग जेवणावर नव्हता, पंगतीतल्या विषमतेवर होता. ज्यांच्या बापजाद्यांना पंगतीच्या बाहेर बसवले गेले, त्यांना हा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

भारतात तर या जेवणाने जातीची परीक्षाच घेतली. १८५० साली मद्रासच्या मिशनरी परिषदेने असा पवित्रा घेतला की, ख्रिस्ती होणाऱ्याने जात सोडली हे इतरांबरोबर जेवून सिद्ध करावे. उच्च जातीतून आलेल्या अनेकांना येशू चालत होता, पण अस्पृश्याच्या हातचे अन्न चालत नव्हते! पुढे काय झाले? तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती बांधवांना चर्चमध्ये वेगळी जागा आणि मेल्यावर वेगळी दफनभूमी मिळाली. म्हणून सहभोजनाने जात मरते, असा भाबडा दावा मी करणार नाही. नुसत्या सहभोजनाने भागत नाही, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'जातिनिर्मूलना'त स्पष्ट केले आहे.

मग चर्चमध्ये चूल कशाला? याचे उत्तर अमेरिकेतील काळ्या लोकांच्या चर्चकडे आहे. दक्षिणेकडील राज्यांत हॉटेल, बाग, पोहण्याचा तलाव, सगळीकडे त्यांना मज्जाव होता किंवा वेगळे ठेवले जात होते. चर्च ही त्यांची स्वतःची इमारत. त्यामुळे प्रार्थना तिथे, जेवण तिथे, सभाही तिथेच. ५ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीच्या होल्ट स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये हजारो लोक जमले आणि बस बहिष्कार पुढे चालू ठेवण्याचा निर्धार झाला. तो ३८१ दिवस चालला. जॉर्जिया गिलमोर ही स्वयंपाकाचे काम करणारी बाई. तिने बायकांना जोडले, जेवण आणि केक विकले आणि तो पैसा चर्चमधल्या सभेत आणून दिला. बहिष्काराच्या गाड्यांत त्याचे पेट्रोल पडले. तिची नोकरी गेली, पण तिने चूल विझू दिली नाही.

जानेवारी १९६९ मध्ये ब्लॅक पँथर पक्षाने शाळकरी मुलांना मोफत न्याहारी देणे सुरू केले, तेही ओकलंडच्या सेंट ऑगस्टिन चर्चमध्ये. बंदुकीचे नाव असलेल्या पोरांना चर्चने अंडी तळायला जागा दिली! याच पक्षावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर हे नाव आले. नाव आपण घेतले. ती न्याहारी घ्यायची राहून गेली.

आता आपल्याकडे पाहू. आमच्या भागातील एका विहारात पोरांनी कमिटीकडे एक खोली मागितली. "काका, संध्याकाळी दोन तास कॅरम ठेवू, बाजूला अभ्यासाला बसू." काका म्हणाले, "विहाराचे पावित्र्य जाईल." पावित्र्य! त्याच विहाराचा हॉल साखरपुड्याला भाड्याने जातो. पोरे दोन महिन्यांनी शेजारच्या गणेश मंडळाच्या खोलीत कॅरम खेळू लागली. आता ती आरतीलाही उभी राहतात. त्यांना दोष कसा देणार? तिथे दार उघडे होते.

काकांची भीती अगदीच खोटी नाही. कॅरममागून पत्ते, पत्त्यांमागून बाटली, हे आपण पाहिले आहे. वंदना आणि ध्यानाच्या वेळी गोंगाट नकोच. पण त्यासाठी वेळ ठरवता येते, मागची खोली देता येते, दोन जबाबदार माणसे नेमता येतात. बुद्धपौर्णिमेला खीरदान करणारा, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो लोकांच्या पोटाची काळजी घेणारा समाज हा. त्याला अन्नाने विहार बाटतो असे वाटावे?

१९५० साली 'महाबोधी'च्या अंकातील लेखात बाबासाहेबांनी भिक्खू संघाने ख्रिस्ती धर्मगुरूंकडून, विशेषतः जेझुइटांकडून, काही गोष्टी घ्याव्यात असे सुचवले होते. शिक्षण आणि रुग्णसेवा यांतून तो धर्म आशियात पसरला, हे त्यांनी पाहिले होते.

रविवारच्या वंदनेनंतर एक पातेले खिचडी, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. मात्र ती बायकांनीच शिजवायची आणि पुरुषांनी भाषणे करायची, असे नको. भांडी पुरुषांनी घासावीत. शेजारच्या मातंग वस्तीतील, पालावरच्या भटक्या कुटुंबांतील मुलांनाही पंगतीत बसवावे, आणि तेही आपल्या मुलांच्या शेजारी. वर्षावासात तीन महिने हे करून पाहावे. कमिटीच्या पुढच्या बैठकीत चावी संध्याकाळी कोणाकडे राहील, एवढा एक विषय घ्या.