पुरावा कोणी द्यायचा?

विजेच्या तारांभोवतीचे मंद वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र मानवी पेशीतील डीएनए तोडते काय, या प्रश्नावर दोन तट पडले आहेत. एका तटाला प्रत्येक मनोऱ्याखाली कर्करोग दिसतो. दुसऱ्या तटाला, म्हणजे वीज-उद्योगाच्या कैवाऱ्यांना, प्रश्न विचारणे हेच अडाणीपणाचे वाटते. दोन्ही भूमिका श्रमिकांच्या हिताच्या नाहीत.

भीतीचे भांडवल करणाऱ्यांनी प्रथम पदार्थविज्ञान पाहावे. ५० हर्ट्झच्या क्षेत्रातील ऊर्जेचा एक कण रासायनिक बंध तोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या अब्जांशाइतकाही नसतो. क्ष-किरणांप्रमाणे हे क्षेत्र डीएनए थेट तोडू शकत नाही. युरोपीय संघाच्या 'रिफ्लेक्स' प्रकल्पात (२०००-२००४) एक मिलिटेस्लाचे क्षेत्र पाच मिनिटे चालू व दहा मिनिटे बंद ठेवले असता मानवी पेशींतील डीएनए तुटल्याचे नोंदले गेले. परंतु इटलीतील संशोधकांना २००५ मध्ये तसा परिणाम आढळला नाही. ज्या निष्कर्षाची पुनरावृत्ती होत नाही, त्यावर चळवळ उभी करणे ही श्रमिकांची फसवणूक होय.

मग कैवारी निर्दोष ठरले काय? मुळीच नाही. २००० साली अनेक देशांतील पाहण्या एकत्र तपासल्या असता, घरातील सरासरी क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लाहून अधिक असलेल्या थोड्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही. पण २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या क्षेत्राला 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात घातले, ते उगाच नव्हे.

'आम्ही सुरक्षित मर्यादेत आहोत,' असे उत्तर मिळते. ही मर्यादा म्हणजे काय? २०१० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार ती सर्वसामान्यांसाठी २०० मायक्रोटेस्ला, तर कामगारांसाठी १००० आहे. ती मज्जातंतूंवरील तात्काळ परिणामांवरून ठरली. दीर्घकालीन रोगाविषयी ती काहीच सांगत नाही. कामगाराची मर्यादा त्या वादग्रस्त प्रयोगातील क्षेत्राएवढीच आहे, हा योगायोग विसरता येण्याजोगा नाही. आणि कामगाराची पेशी मालकाच्या पेशीहून पाचपट कणखर असते, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

झोपडीतला दिवा विझवावा, असे कोणी म्हणत नाही. मागणी साधी आहे. वादग्रस्त प्रयोग सार्वजनिक पैशाने, स्वतंत्र प्रयोगशाळांत पुन्हा व्हावेत. वेल्डर आणि उपकेंद्रांतील कामगार यांच्या वाट्याला येणारे क्षेत्र मोजून त्याच्या नोंदी संघटनांना खुल्या कराव्यात. अल्प खर्चाची खबरदारी जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ मध्ये रास्त मानली आहे. नफा ज्याचा, पुराव्याचा भारही त्याचाच!