नागीण, कक्षा की विसर्प? केसपेपरवरील एका शब्दाविषयी

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात धडगावकडील साठीचे एक गृहस्थ माझ्या चिकित्सालयात आले. कपाळाच्या उजव्या भागावर व पापणीवर पाणीदार पुळ्यांचे पुंजके, डोळा लाल, आणि वेदना इतकी की वाऱ्याची झुळूकही सोसवेना. पुळ्या उठून दुसराच दिवस होता. मी त्यांना तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठविले आणि चिठ्ठीवर शास्त्रीय शब्द लिहिल्याच्या समाधानात एवढेच लिहिले : 'विसर्प'. रात्रपाळीचे तरुण डॉक्टर आपल्याच शाखेचे पदवीधर. त्यांनी शिकल्याप्रमाणे विसर्प म्हणजे इरिसिपेलस असा अर्थ लावला व प्रतिजैविके सुरू केली. विषाणुरोधक औषध मिळेपर्यंत चौथा दिवस उजाडला. डोळा वाचला, कपाळाची आग मात्र पुढे आठ महिने राहिली. औषध वेळेत मिळाले असते तर ती टळलीच असती असे म्हणता येणार नाही. पण ७२ तासांची संधी गेली ती माझ्या शब्दामुळे.

विसर्प हा शब्द चुकीचा नाही, तो फार मोठा आहे. चरकांनी चिकित्सास्थानाच्या एकविसाव्या अध्यायात त्याचे सात प्रकार सांगितले, सुश्रुतांनी पाच. पसरणारा, दाहयुक्त असा त्वचारोगांचा एक विस्तृत वर्गच त्यात सामावतो. इरिसिपेलस हा जीवाणूंचा रोग. नागीण ही कांजिण्यांच्याच विषाणूची. कांजिण्या बऱ्या झाल्यावर तो विषाणू नाडीमूळाशी सुप्त राहतो आणि वार्धक्यात वा बल क्षीण झाल्यावर एखाद्या नाडीच्या मार्गाने पुन्हा उठतो. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पहिल्याचा क्रमांक ए ४६, दुसऱ्याचा बी ०२. एकाच शब्दाने दोन्ही लिहिणे आता परवडणारे नाही.

याहून नेमका शब्द आपल्या ग्रंथांत आहे : कक्षा. सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत बाहू, पार्श्व, अंस व काख येथील वेदनायुक्त काळे फोड असे तिचे वर्णन केले, कारण पित्तप्रकोप मानले आणि चिकित्सा पित्तज विसर्पाप्रमाणे करावयास सांगितली. चरकांनी श्वयथुचिकित्सेत पित्ताबरोबर वातही जोडला व फोडांची रचना यज्ञोपवीतासारखी असते असे म्हटले. पाठीकडून छातीकडे उतरणारी ती तिरपी ओळ ज्याने एकदा पाहिली, त्याला या उपमेची अचूकता सांगावी लागत नाही. ग्रीकांनाही तेथे पट्टाच दिसला. 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. आणि 'हर्पीस' ज्या धातूपासून आला तो सरपटणे या अर्थाचा, आपल्या 'सृप्'चाच भाऊबंद. म्हणजे हर्पीस, सर्प व विसर्प एकाच कुळातले.

पण कक्षा या शब्दाची अडचणही आहे. काख या अर्थामुळे कित्येक विद्यार्थी हा रोग काखेपुरताच समजतात, आणि रुग्णाला तर कक्षा म्हणजे ग्रहाची फिरण्याची वाट! म्हणून रुग्णाशी बोलताना 'नागीण' हाच शब्द वापरावा असे माझे स्पष्ट मत आहे. तो अडाणी नाही. सरपटणे आणि दंशासारखी आग, दोन्ही त्यात आहेत. त्याला चिकटलेली भीती मात्र काढली पाहिजे. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत नंदुरबारच्या बाजारात आजही ऐकू येते. ओळ सहसा शरीराच्या मध्यरेषेपाशीच थांबते, कारण नाडी तेथवरच जाते. हे रुग्णाच्या अंगावर बोट ठेवून दाखवावे. फोड दोन्ही बाजूंस वा सर्वांगावर पसरले, तर प्रतिकारशक्ती का ढासळली याचा शोध घ्यावा. अक्राणी-अक्कलकुव्याकडील रुग्ण घरी पावरी किंवा भिली बोलतो. त्याला रोगाचे नाव विचारण्यापेक्षा दुखण्याची रेघ बोटाने ओढून दाखवायला सांगणे अधिक उपयोगी पडते. तो आधी भगताकडे जाऊन आला असेल तर रागावू नये, किती दिवस गेले तेवढे विचारावे.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक विनंती आहे. 'नागिणीचे मलम द्या' असे म्हणत कोणी दुकानात आले, की स्टेरॉइडमिश्रित ट्यूब पुढे करू नये. पुळ्या कधी उठल्या, चेहऱ्यावर आहेत का, नाकाच्या शेंड्यावर फोड आहे का, घरात गर्भवती किंवा तान्हे बाळ आहे का, एवढे विचारावे. नाकाच्या शेंड्यावर फोड असल्यास डोळ्याला धोका संभवतो. त्या रुग्णाला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. पुळीतील द्रवाने दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला त्या होऊ शकतात. शतधौतघृत, दशांगलेप ही आपली औषधे दाहशमनासाठी अवश्य द्यावीत. त्यांच्या भरवशावर पहिले तीन दिवस घालवू नयेत.

जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीला आयुर्वेद, सिद्ध व युनानी संज्ञांचा विभाग जोडला गेला. आपण लिहिलेला शब्द यापुढे नंदुरबारबाहेरही वाचला जाणार. माझ्या चिठ्ठीवर आता एवढे असते : 'कक्षा (नागीण, हर्पीस झोस्टर), उजवी बाजू, कपाळ, पुळ्यांचा दुसरा दिवस.' लिहायला अर्धे मिनिट लागते.