चालू प्रोजेक्ट

गेल्या रविवारी भाच्याचा फोन आला. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे.

"मामा, साडेतीन हजार देशील? प्रोजेक्टचं काँट्रिब्युशन आहे."

चौघांचे मिळून चौदा हजार. मी विचारलं, एवढं काय बनवताय? तर म्हणे, "बनवत नाहीये रे, घेतोय. एक जण देतो. हार्डवेअर, कोड, रिपोर्ट, पीपीटी. वर व्हायवाला काय विचारतील तेही सांगतो." विषय? "आयओटी बेस्ड स्मार्ट इरिगेशन सिस्टिम."

मी नाही म्हटलं. अर्ध्या तासात ताईचा फोन. "अरे, सगळेच घेतात! तूच एकटा हरिश्चंद्र लागून गेलास का?"

नाही गं ताई. हरिश्चंद्र तर मुळीच नाही. मी स्वतः असा एक प्रोजेक्ट विकलेला आहे.

गोष्ट २००४ ची. आमचा प्रोजेक्ट होता तापमान मोजून कॉम्प्युटरला पाठवायचा. ८०५१ जातीची चिप, एक मॅक्स २३२, एक सिरियल केबल, बस्स. सामान तपकीर गल्लीतून पायी फिरून जमवलेलं. सगळं जोडलं आणि हायपरटर्मिनलच्या खिडकीत आकड्यांऐवजी चौकोन, प्रश्नचिन्हं आणि काहीबाही उमटायला लागलं. तीन रात्री गेल्या. केबल बदलली, चिप बदलली, कोड चार वेळा लिहिला. चौथ्या दिवशी कळलं की दुकानात ११.०५९२ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल नव्हता म्हणून १२ चा आणला होता. हिशेब साधा आहे. क्रिस्टलचा आकडा आधी १२ ने भागायचा, मग ३२ ने, मग टायमरच्या आकड्याने, म्हणजे इथे ३ ने. ११.०५९२ असेल तर नेमके ९६०० येतात. १२ असेल तर १०,४१७. साडेआठ टक्क्यांची चूक, आणि एका अक्षराच्या शेवटच्या बिटापर्यंत पोचेस्तोवर गाडी रुळावरून उतरलेली.

हा हिशेब मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तो अजब आकडा कुणी का निवडला असेल, हे मात्र त्या चौथ्या दिवशी समजलं. आजही विसरलेलो नाही.

मग मी काय केलं? तेच सर्किट, तोच कोड, फक्त सेन्सर बदलून दुसऱ्या एका ग्रुपला दीड हजाराला दिला. त्यांनी तो ॲक्रिलिकच्या डब्यात बसवला. आमचा ब्रेडबोर्डवर होता. ऐन व्हायवाला आमची वायर निसटली. एक्सटर्नलनी त्यांना जास्त मार्क दिले. ठीक आहे, हसून सोडून दिलं. पण त्या ग्रुपमधला एक जण दोन वर्षांनी भेटला तेव्हा म्हणाला, "पहिल्या इंटरव्ह्यूला एकच प्रश्न विचारला रे. प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस? मी गप्प बसलो." तो हसत सांगत होता. मला हसता आलं नाही.

आता लगेच 'हल्लीची पोरं' म्हणून सुरू होऊ नका. पोरं हुशार आहेत. मार्क कशाला मिळतात हे त्यांना बरोब्बर कळलंय. मार्क मिळतात चालणाऱ्या डब्याला आणि सोनेरी अक्षरांच्या ब्लॅक बुकला. काय चाललं नाही, का चाललं नाही, याला शून्य. मग जो तीन रात्री जागतो तो मूर्ख आणि जो चौदा हजार मोजतो तो व्यवहारी, असंच ठरणार. दुकानदाराला तरी काय बोलायचं? गिऱ्हाईक कॉलेजनेच तयार करून दिलंय.

आणि तो स्मार्ट इरिगेशन! कुंडीत दोन दातांचा मातीचा सेन्सर खुपसायचा, रिले टकटक वाजला की छोटा पंप सुरू, मोबाईलवर मेसेज. टाळ्या. पण त्या स्वस्तातल्या सेन्सरमधून ओल्या मातीत सतत डीसी करंट गेला की त्याचे तांब्याचे पट्टे गंजून खलास होतात. कुंडी दोन आठवडे ठेवली असती तरी पोरांना दिसलं असतं. पण व्हायवा दहा मिनिटांचा असतो, तेवढं तांबं टिकतं.

गंमत बघा, याच भाच्याच्या आजोबांची संगमनेरकडे डाळिंबाची बाग आहे. थ्री फेज लाईट येते ती पाळीने, कधी मध्यरात्री. म्हणून मोटरला ऑटोस्टार्टर बसवलाय, लाईट आली की मोटर आपोआप सुरू. पण विहिरीत पाणी आहे का, ठिबकची नळी कुठे फुटलीय का, हे त्या डब्याला कळत नाही. त्यासाठी आजोबा बॅटरी घेऊन रात्री बांधावर जातात. घरात एवढा चालताबोलता प्रोजेक्ट असताना आमचे चिरंजीव चौदा हजार देऊन कुंडीला पाणी घालणार. आजोबांना एक फोन केला असता!

भाचा म्हणतो, "मामा, आता कोड चॅटबॉटही लिहून देतो. मग विकत घेतला काय आणि त्याच्याकडून लिहून घेतला काय?" प्रश्न बिनतोड आहे. घे की लिहून. पण तो चुकल्यावर कुठे चुकला हे तुला शोधता यायला हवं. मल्टिमीटर तुलाच धरायचाय. म्हणून माझ्या मते व्हायवा एकदम सोपा करावा. परीक्षकाने एक वायर उपटावी, कोडातला एक आकडा बदलावा आणि म्हणावं, आता चालू करून दाखव. वेळ अर्धा तास. विकतचे प्रोजेक्ट वर्षभरात बंद होतील.

दुसरं म्हणजे दरवर्षी शून्यापासून सुरुवात कशाला? पुण्याच्या सीओईपीच्या मुलांनी २००८ मध्ये 'स्वयम्' या उपग्रहाचं काम हाती घेतलं. जेमतेम एक किलोचा जीव. २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्हीवरून तो वर गेला. आठ वर्षं! सुरू करणारी मुलं केव्हाच पास होऊन गेलेली. मागच्यांनी पुढच्यांच्या हाती दिला म्हणून तो उडाला. सगळ्यांनी उपग्रह उडवावेत असं नाही. पण गेल्या वर्षीचा अर्धवट, बिघडलेला प्रोजेक्ट घ्या, तो एक पायरी पुढे न्या, याला मार्क द्यायला काय हरकत आहे? आज होतं काय, तर कपाटात ब्लॅक बुकं साठतात आणि पुढच्या वर्षी त्याच नावाचा प्रोजेक्ट पुन्हा विकत येतो.

ताई, तू हे वाचशीलच. मार्क महत्त्वाचे आहेत, मान्य. पण त्याला उद्या कुणी तो एकच प्रश्न विचारला तर तिथे तू नसशील, मीही नसेन. साडेतीन हजार मी देणार नाही. सोल्डरिंग गन, मल्टिमीटर आणि संगमनेरच्या एसटीचं तिकीट, एवढं माझ्याकडून. रात्री दोनला तो आजोबांबरोबर बांधावर उभा राहिला की विषय त्याचा तोच शोधेल. सबमिशनला प्रोजेक्ट बंद पडला तर पडला.

भाच्याचा अजून फोन आलेला नाही. रागावलाय बहुतेक. असो.