‘नेट स्लो आहे’ म्हणे!

घरातल्या सुरक्षा कॅमेऱ्याचं चित्र अडकलं, की उत्तर ठरलेलं: ‘नेट स्लो आहे.’ इथे अमेरिकेत कंपनीच्या मदतकक्षातली बाई हे अतिशय गोड आवाजात सांगते. तिकडे कॅमेरे बसवणारा मुलगा शिडीवरून न उतरता सांगतो. औषधही एकच! राउटर बंद करून चालू करा, नाहीतर मोठा प्लॅन घ्या. माझ्या मते विकणाऱ्यांना याहून सोयीचं उत्तर सापडणार नाही, कारण त्यात त्यांच्या मालाचा दोष कधी निघतच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

मुळात दोन वेगळी दुखणी आहेत. एक म्हणजे रेकॉर्डिंग शाबूत आहे, पण बघताना अडखळतं. दुसरं म्हणजे रेकॉर्डिंग झालेलंच नाही. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत कॅमेरा वायरीने घरातल्याच रेकॉर्डरला जोडलेला असतो. त्या वाटेत इंटरनेट येतच नाही. नेट आठवडाभर बंद राहिलं तरी रेकॉर्डिंग चालूच राहायला हवं. तेव्हा रेकॉर्डरला सरळ टीव्ही जोडा आणि तिथे बघा. तिथे चित्र नीट चालत असेल तर नेटला खुशाल शिव्या द्या. पण तिथेही मधली वीस मिनिटं गायब असतील, तर नेटचा काही संबंध नाही.

‘पण फोनवर तर लाइव्ह छान दिसतं!’ दिसणारच. कॅमेरा सहसा दोन प्रती पाठवतो. डिस्कवर जाते ती मोठी, आणि फोनवर लाइव्ह दिसते ती बहुधा हलकी, कमी पिक्सेलची. लाइव्ह छान दिसतं यावरून डिस्कवर काय लिहिलं जातंय, किंबहुना काही लिहिलं जातंय का, हे अजिबात कळत नाही.

माझ्या एका मित्राची आई सांगलीत एकटी राहते. त्याने इथून पैसे पाठवून चार कॅमेरे बसवून घेतले आणि रोज सकाळी फोनवर अंगण बघायचा. एका रात्री आई अंगणात पडली. किती वेळ पडून होती, हे डॉक्टरांना हवं होतं. रेकॉर्डिंग उघडलं तर अंधार पडल्यापासून तुकडेच तुकडे, आणि नेमका तो पाऊण तास कोरा. बसवणारा म्हणाला, नेट स्लो असेल.

नेट नव्हे, तार! अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो जास्त करंट ओढतो. तार लांब, बारीक आणि तांब्याचा नुसता मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असेल, तर १२ व्होल्टमधले बरेच वाटेतच संपतात. ॲल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या जेमतेम ६१ टक्के. मग कॅमेरा बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, दिवे लागतात, पुन्हा बंद पडतो. दिवसा सगळं ठणठणीत! म्हणजे ज्या वेळेसाठी कॅमेरा घेतला, नेमका त्याच वेळी तो आंधळा.

दुसरा गुन्हेगार डिस्क. ४ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट लिहीत असेल, तर दिवसाचे ४३ जीबी होतात आणि चार कॅमेऱ्यांचे १७३. एक टीबीची डिस्क सहाव्या दिवशी भरते आणि जुनं पुसायला लागते. तुम्ही दिवाळीला दहा दिवस गावी गेलात, तर पहिल्या दिवशीचा चोर सुटला! त्यात जर साधी कॉम्प्युटरची डिस्क बसवली असेल, तर खराब जागा आली की ती तिथेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसते आणि तेवढ्यात पुढची चित्रं हातची जातात. चोवीस तास लिहिण्यासाठी केलेल्या डिस्क वेगळ्या मिळतात. पण जाहिरातीत डिस्क कोण बघतो? तिथे मेगापिक्सेलची आरती चालू असते.

अमेरिकेत सगळं उत्तम असेल, असं समजू नका. इथे बॅटरीवरच्या दारघंटीच्या कॅमेऱ्यांची चलती आहे. बॅटरी वाचवायला तो झोपलेला असतो आणि हालचाल जाणवली की जागा होतो. तोवर दारातलं खोकं उचलून माणूस वळलेला असतो. व्हिडिओत मिळते ती चोराची पाठ! आणि जुनं बघायचं तर बऱ्याच कंपन्यांना दरमहा वर्गणी द्यावी लागते. तोच वायरलेस डबा आता आपल्याकडेही येतोय. इथल्या लाकूड-जिप्समच्या भिंतींतून वायफाय सहज जातं, आपल्या सिमेंट-सळ्यांच्या भिंतीत त्याचा जीव निम्मा होतो.

‘स्वस्तात एवढंच मिळणार,’ असं कोणी म्हणेल. मला पटत नाही. आठऐवजी चार मेगापिक्सेल घ्या. वाचलेले पैसे अस्सल तांब्याच्या तारेत, योग्य डिस्कमध्ये आणि छोट्या यूपीएसमध्ये घाला. चित्र थोडं कमी रेखीव असेल, पण असेल तरी!

आणि बिलाचा शेवटचा हप्ता राखून ठेवा. एक रात्र नेट बंद करून जाऊ द्या. सकाळी बसवणाऱ्याला समोर बसवा आणि पहाटे तीनचं चित्र मागा. मग साडेतीनचं, मग चारचं. कोपऱ्यातलं घड्याळही बरोबर आहे का बघा, कारण वेळच चुकीची असेल तर पुरावा म्हणून वाद घालत बसावं लागेल. हे सगळं दिसलं तर पैसे द्या. नाही दिसलं, आणि तो ‘नेट स्लो आहे’ म्हणाला, तर सांगा की नेट रात्रभर बंदच होतं.