दोन काढा, एकच पाठवा

आजीला गॅलरीत खुर्चीवर बसवलंत, काळ्या कापडाखाली डोकं घालून फोकस केलात, "आजी, हलू नकोस हं" म्हणालात आणि शटर दाबलंत. फोटो निघाला, पण अजून तो कुणालाच दिसलेला नाही. मोठ्या कॅमेऱ्याची 4 बाय 5 इंचांची शीट फिल्म डेव्हलप होईपर्यंत फोटो तिच्यातच लपून राहतो. बेंगळुरूतला तुमचा नेहमीचा फोटोवाला "आम्ही फक्त रोल करतो" म्हणाला, की ती शीट कुरिअरने परगावच्या लॅबला पाठवायची. नवख्याच्या पोटात गोळा येतो तो इथेच.

ही पद्धत जुनी आहे. 1888 साली कोडॅकचा पहिला कॅमेरा आला, तेव्हा 100 फोटो झाले की लोक अख्खा कॅमेराच अमेरिकेतल्या रॉचेस्टरला कंपनीकडे पाठवत. फोटो तयार होऊन येत आणि कॅमेराही नवी फिल्म भरून परत येई. आपली शीट मात्र सुटी असते आणि ती डब्यात आपल्यालाच भरावी लागते.

आधी लॅबला फोन करा. 4 बाय 5 करता का? माझी फिल्म कृष्णधवल (किंवा रंगीत) आहे, चालेल का? निगेटिव्ह परत पाठवता का? तिन्हींना 'हो' मिळालं तरच पुढे जा.

रात्री बाथरूमच्या दाराखालच्या फटीला टॉवेल लावा. सिनेमातला लाल दिवा विसरा, तो फोटोच्या कागदासाठी असतो. आजच्या बहुतेक फिल्मवर लाल उजेडाचाही परिणाम होतो. म्हणून गीझर मेन स्विचवरूनच बंद करा, मोबाइल आणि स्मार्ट घड्याळ बाहेर ठेवा. शीट कडेला धरून होल्डरमधून काढा, काळ्या पिशवीत घाला आणि ती पिशवी फिल्मच्याच रिकाम्या डब्यात ठेवा. हा डबा सहसा एकात एक बसणाऱ्या तीन भागांचा असतो. तिन्ही भाग नीट बसलेत ना, हे चाचपून पाहा, मगच दिवा लावा. मग चारी बाजूंनी टेप मारा.

डब्यावर इंग्रजीत ठळक लिहा: आत फोटो काढलेली फिल्म आहे, फक्त डार्करूममध्ये उघडा. खाली फिल्मचं नाव, शीटची संख्या आणि कोणत्या आयएसओवर फोटो काढला ते लिहा. विमानाने जाणाऱ्या पार्सलचं एक्स-रे स्कॅनिंग होऊ शकतं, म्हणून रस्त्याने जाणारी सेवा मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. होल्डरला दोन बाजू असतात, दोन शीट मावतात. आजीचा तोच फोटो दोन्हींवर काढा आणि पहिल्यांदा एकच पाठवा. पार्सल हरवलं, डबा कुणी उजेडात उघडला, तरी दुसरी शीट घरात असते. पहिलं निगेटिव्ह जरा फिकं आलं, तर दुसरी थोडा जास्त वेळ डेव्हलप करायला सांगता येतं. तोवर ती थंड, कोरड्या कपाटात ठेवा. महिनोन्‌महिने मात्र नको.

या दिवसांत आजी रोज विचारेल, "आला का रे माझा फोटो?" तिला सांगा, "एक गावाला गेलाय, एक कपाटात आहे."