‘अहवालात म्हटले आहे’, पण कोणत्या पानावर?

सीमाभागातल्या मुलामुलींनी लिहिलेले प्रबंध आणि लघुप्रबंध अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. कुणी बेळगावचं, कुणी खानापूर-निपाणीकडचं, कुणी बिदरचं. विषय मराठी शाळांचा असतो, भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांचा असतो, कधी राज्य पुनर्रचनेच्या इतिहासाचा. मेहनत भरपूर केलेली असते. गावोगाव फिरून मुलाखती घेतलेल्या असतात, जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणं जमवलेली असतात. पण तळटिपांपाशी आलं की माझं वाचन अडखळतं. ‘महाजन आयोग, १९६७.’ ‘राज्यघटना, कलम ३५०.’ ‘सर्वोच्च न्यायालयाचा निकाल.’ ‘शासन निर्णय.’ एवढंच. पान नाही, परिच्छेद नाही, क्रमांक नाही.

एखाद्या साध्या विषयात अशी तळटीप असली तर फार तर दोन गुण जातात. आपल्या विषयात तसं नाही. इथे मराठी माणसाने लिहिलेलं प्रत्येक वाक्य आधी संशयानेच वाचलं जातं. मौखिक परीक्षेला आलेले बाहेरचे परीक्षक एकच प्रश्न विचारतात, ‘हे कुठे लिहिलंय, दाखवा.’ दाखवता आलं नाही की चार वर्षांच्या कामावर ‘हे तर चळवळीचं लिखाण’ असा शिक्का बसतो, आणि तो पुसता पुसत नाही. म्हणून सरकारी कागद आणि कायदा यांचा संदर्भ कसा द्यायचा, हे आपल्या मुलांना इतरांपेक्षा जास्त चोख यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

पहिली गोष्ट कागदाच्या दर्जाची. अहवाल, विधेयक, कायदा, अधिसूचना, निकाल हे सगळे ‘सरकारी’ असले तरी एका पारड्यात बसत नाहीत. ‘फाजल अली आयोगाने बेळगाव म्हैसूरला दिलं’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. आयोग देत नाही, आयोग शिफारस करतो. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५ चा. सीमा आखली ती संसदेने, राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ (१९५६ चा ३७ वा) या कायद्याच्या कलम ७ ने. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा नव्या म्हैसूर राज्यात गेला तो या कलमामुळे. बेळगावपुरती आयोगाची शिफारस आणि कायदा जुळतात, म्हणून ही गल्लत खपून जाते. पण याच आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, आणि हैदराबाद राज्याचा तेलंगण भाग तूर्त स्वतंत्र ठेवावा असंही सुचवलं होतं. संसदेने दोन्ही मानलं नाही. तेव्हा आयोग म्हणाला म्हणजे तसं झालं, असं धरून चालणाऱ्याची पंचाईत होते.

महाजन आयोगाचंही तसंच. भारताचे माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा हा एकसदस्य आयोग १९६६ साली नेमला गेला आणि १९६७ साली अहवाल आला. २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ म्हैसूरला, हे आकडे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ आहेत. पण लिखाण बघा. कुणी लिहितो, २४७ गावं महाराष्ट्राकडून म्हैसूरला द्यावीत असं आयोगाने सुचवलं. कुणी लिहितो, २४७ गावं म्हैसूरकडेच राहावीत असं सुचवलं. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन्हींच्या तळटिपेत मात्र तेच, ‘महाजन आयोग अहवाल’. वाचणाऱ्याने कोणाचं खरं मानायचं? खंड, प्रकरण, परिच्छेद आणि पान दिलं की वाद तिथेच मिटतो. वर्तमानपत्रातून आकडा घेतला असेल तर संदर्भ त्या वर्तमानपत्राचा द्यावा, तारखेसह. अहवाल न उघडता अहवालाचं नाव टाकणं म्हणजे न बघितलेल्या गावची वाट सांगणं.

दुसरी गोष्ट नावांची. १९६७ च्या कागदावर ‘कर्नाटक’ हे राज्याचं नाव नसतं. ते ‘म्हैसूर’ असतं, कारण राज्याचं नाव १९७३ साली बदललं. ‘बेळगाव’चं अधिकृत ‘बेळगावी’ झालं ते १ नोव्हेंबर २०१४ पासून. स्वतःच्या मजकुरात कोणतं नाव वापरायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. मात्र कागदाचं शीर्षक लिहिताना ते जसं छापलंय तसंच उतरवायचं. आपल्याला आवडो न आवडो. शीर्षकात आपल्या मनाची दुरुस्ती केली की शोधणाऱ्याला तो कागद सूचीत सापडत नाही, आणि दोष आपल्या माथी येतो.

तिसरी गोष्ट कायद्याची. कायदा पानावरून सांगत नाहीत, कलमावरून सांगतात. पुस्तकाची आवृत्ती बदलली की पान बदलतं, कलम बदलत नाही. कायद्याचं पूर्ण नाव, वर्ष, क्रमांक, मग कलम, उपकलम, खंड. कायद्यात दुरुस्ती झाली असेल तर कोणत्या तारखेचा मजकूर आपण वाचतोय तेही. राज्यघटनेचं उदाहरण घ्या. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयींबद्दलचा अनुच्छेद ३५०-क आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याचा अनुच्छेद ३५०-ख हे दोन्ही १९५० च्या मूळ घटनेत नव्हते. ते सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली आले, राज्य पुनर्रचनेच्या बरोबरीने. म्हणजे ‘घटनाकारांनी १९५० सालीच आपल्याला हा हक्क दिला’ हे वाक्य चूक. आणि नुसतं ‘कलम ३५०’ लिहिलं तर तो निराळाच अनुच्छेद होतो. तो आहे गाऱ्हाण्याचा अर्ज कोणत्या भाषेत करता येतो याबद्दलचा.

इथेच शब्दांची काळजी येते. ३५०-क म्हणतो की राज्य आणि स्थानिक प्राधिकरण यांनी पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करावा. आपल्या लिखाणात त्याचं होतं, ‘सोयी देणं बंधनकारक आहे’. मनातून तसं वाटणं मी समजू शकतो. पण प्रबंधात ‘प्रयत्न’ हा शब्द गाळला की समोरचा वकील तेवढाच धागा धरून सगळं विणकाम उसवतो. त्यापेक्षा मूळ शब्द जसाच्या तसा द्या आणि मग आपलं म्हणणं मांडा, की एवढ्या वर्षांत हा प्रयत्न कुठे कुठे दिसला. त्यासाठी साधन आहेच. ३५०-ख खालच्या अधिकाऱ्याचे अहवाल राष्ट्रपतींना सादर होतात आणि संसदेपुढे ठेवले जातात. तिथे संदर्भ देताना अहवाल कितवा आणि कोणत्या कालावधीचा, हे दोन्ही लिहायचं. छापल्याचं वर्ष आणि अहवालातला काळ एक नसतो. आकडेवारी जुळत नाही असं वाटतं तेव्हा पुष्कळदा घोळ तिथेच असतो.

गोव्याचं उदाहरण याच जातीचं. ‘गोव्यात मराठी सहराजभाषा आहे’ असं आपण बोलतो. १९८७ चा राजभाषा कायदा उघडला तर राजभाषा म्हणून देवनागरीतली कोकणी आहे, आणि मराठीचा वापरही सरकारी कामकाजासाठी करण्याची तरतूद आहे. ‘सहराजभाषा’ हा आपल्या बोलण्यातला शब्द, तरतुदीतला नव्हे. बोलताना चालेल. लिहिताना कलम द्या, तरतुदीचे शब्द द्या, आणि त्यावरून तुम्ही काय अर्थ काढता ते वेगळ्या वाक्यात सांगा.

चौथी गोष्ट निकालांची. निकालाला पक्षकारांची नावं, निर्णयसंग्रहाचं नाव, वर्ष, खंड, पान आणि परिच्छेद लागतो. राज्य पुनर्रचना कायद्यालाच आव्हान देणारं बाबुलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य हे प्रकरण बघा. संसदेने मूळ विधेयकातल्या तीन वेगळ्या घटकांऐवजी द्वैभाषिक मुंबई राज्य केलं, त्यावरून हा खटला झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने आव्हान फेटाळलं. त्याचा संदर्भ ‘एआयआर १९६० एससी ५१’ असा आहे, पण निकाल लागला ऑगस्ट १९५९ मध्ये. संदर्भातलं वर्ष संग्रहाचं असतं. ते निकालाचं वर्ष समजून ‘१९६० साली न्यायालयाने सांगितलं’ असं लिहिलं की चूक झालीच. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालय निकालांना स्वतःचा तटस्थ क्रमांकही देतं, तो वर्ष आणि ‘आयएनएससी’ या अक्षरांसह येतो. महागडे संग्रह ज्यांना परवडत नाहीत त्यांनी तो जरूर द्यावा.

निकाल लांबलचक असतात आणि त्यात न्यायमूर्तींची मतं निरनिराळी असू शकतात. टी. एम. ए. पै प्रतिष्ठान विरुद्ध कर्नाटक राज्य, (२००२) ८ एससीसी ४८१, हा अकरा न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल. भाषिक अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरवायचं, हे त्यातल्या बहुमताचं म्हणणं आपल्या विषयाला फार महत्त्वाचं आहे. त्यानुसार कर्नाटकात मराठी भाषक अल्पसंख्याक ठरतात, तसेच महाराष्ट्रात कन्नड भाषक. पण बहुमताच्या मतातला परिच्छेद सांगितल्याशिवाय हा आधार अर्धवटच राहतो.

आणि प्रलंबित खटल्याबद्दल जरा जास्तच सांभाळून. महाराष्ट्राने अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला मूळ दावा २००४ चा, क्रमांक ४. दावापत्रात जे आहे ते एका पक्षाचं म्हणणं. उत्तरात जे आहे ते दुसऱ्या पक्षाचं. न्यायालयाच्या आदेशात जे आहे तेवढंच न्यायालयाचं. दाव्यातलं वाक्य ‘न्यायालयात सिद्ध झालं आहे’ असं लिहिणं हे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं आहे. ‘महाराष्ट्र शासनाने दाव्यात असे म्हटले आहे’ असं लिहायला लाज कसली?

पाचवी गोष्ट जुन्या दप्तरांची. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद इथल्या मराठी मंडळींच्या हाताशी संस्थानी काळाचा मोठा खजिना आहे. तिथे पान-परिच्छेद पुरत नाही. कोणतं अभिलेखागार, कोणतं खातं, कोणतं दप्तर, कोणती फाईल, कोणती तारीख, एवढं सगळं हवं. निजामाच्या राज्यातल्या कागदांवर फसली सन असतो. तो तसाच लिहून पुढे कंसात इसवी सन द्यावा. नुसतं रूपांतर करून मूळ आकडा गाळला तर तपासणाऱ्याला वाट उरत नाही.

आता मोबाईलवरून फिरणाऱ्या फायलींचं. कुणीतरी पाठवलेला, पहिलं पान नसलेला, कडा कापलेला ‘शासन आदेश’ हा पुरावा नव्हे, फार तर सुगावा. त्यावरचा क्रमांक आणि तारीख घेऊन राजपत्र धुंडाळा, संबंधित खात्याकडे माहितीच्या अधिकारात प्रत मागा. उत्तर आलं की ते देणारं कार्यालय, पत्राचा क्रमांक आणि तारीख संदर्भात लिहा, आणि पत्र जपून ठेवा. संकेतस्थळावरून घेतलं असेल तर पाहिल्याची तारीख लिहा आणि एक प्रत स्वतःकडे उतरवून घ्या, कारण सरकारी दुवे कधी मोडतील याचा नेम नसतो. कागद कन्नडमध्ये असेल तर मूळ कन्नड शीर्षक देवनागरीत द्या, खाली अर्थ द्या, आणि अनुवाद तुमचा असेल तर तसं नोंदवा. मराठी वाचकाला मूळ वाचता येत नाही म्हणून त्याच्यापासून मूळ लपवायचं नसतं.

शेवटचं सांगतो, ते कदाचित काहींना रुचणार नाही. आपल्या बाजूने नसलेला कागदही तितक्याच नीट उद्धृत करा. राज्य पुनर्रचना आयोगाने बेळगावबद्दल काय कारणं दिली, महाजन आयोगाने बेळगाव शहराबद्दल काय लिहिलं, हे गाळून केलेला प्रबंध पहिल्याच प्रश्नाला कोसळतो. ती कारणं पानासकट मांडून मग त्यांचं खंडन करणाऱ्याला प्रतिपक्षाचा माणूसही उडवून लावू शकत नाही. कन्नड अभ्यासकाने तुमची तळटीप उघडावी, तो कागद त्याला तिथेच सापडावा, आणि मग त्याने तुमच्या अर्थाशी वाद घालावा. असा वाद झाला तर आपलं लिखाण त्याने अभ्यास म्हणून मोजलं, असं समजायला हरकत नाही.

ज्यांची मुलं यंदा पदव्युत्तर वर्गाला किंवा संशोधनाला आहेत त्यांनी हे त्यांना जरूर वाचून दाखवा. आणि ज्यांच्या घरी माळ्यावर जुनी राजपत्रं, अहवाल, कोर्टाच्या नकला पडून आहेत, त्यांनी त्या रद्दीत घालण्याआधी पहिलं पान एकदा बघा. नाव, क्रमांक आणि तारीख दिसत असेल तर तो कागद कुणाच्या तरी तळटिपेची वाट बघतोय.